लंकेला किती भाकरी बांधायच्या

कार्तिक शुद्ध ३, शनिवार. लातूर

शांता लग्न होऊन गेल्यापासून या घरात माझं बोलणं ऐकणारं कुणी उरलं नाही. मालक ऐकतात, पण मिरचीच्या पोत्यासारखं. हूं नाही की चूं नाही. म्हणून आता या वहीशी बोलायचं ठरवलं आहे. माझी मजल खाजगी शाळेतल्या दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की घाम फुटतो. फुटू दे, इथं कोण हसायला बसलंय.

शांता आमची एकुलती एक. उदगीरच्या शरणप्पाला दिली. पोरगा चांगला, पण त्याची नोकरी मद्रासच्या एका चेट्टीकडं, आणि चेट्टीनं त्याला धाडलं कोलंबोला, तूरडाळ अन् मिरची विकायला. कोलंबो म्हणजे लंका. रावणाची. मी म्हटलं, ठीक आहे, रावण आपल्यातलाच, शिवाचा भक्त. पण लेक एवढ्या लांब कुणी देतं का? दिली तेव्हा तो उदगिरातच होता, हे मालक मला दर वेळी सांगतात. जसं काही मला ठाऊक नाही.

आता तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आहे, यात विचारायचं काय? पण जावईबापूंनी लिहिलं, तुमच्या मुलखात गडबड आहे, रझाकार फिरतात, गाड्या कुठं थांबतील नेम नाही, मी पाठवणार नाही. गडबड आहे हे खरं. पण आम्ही इथं जगतोच आहे की. मी चार दिवस जेवले नाही. मग मीच म्हटलं, ती येत नाही तर मी जाते.

पाडव्याला तिनं न्हाणं केलं, त्यानंतर नाही. तिनंच कळवलं होतं. बोटाच्या पेरांवर धरलं: चैत्र, वैशाख, जेष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. सात भरले. आता आठवा. तुळशीचं लग्न झालं की निघायचं, रेल्वेनं आणि बोटीनं. पुसात बाळंतपण. भरपूर वेळ आहे.

पाय सुजलेत म्हणते, चपला चढत नाहीत. डोकं दुखतं, डोळ्यापुढं काजवे चमकतात. पहिलटकरणीला सगळ्याचंच नवल. मी काय सुजले नव्हते?

औंदा धोंड्याच्या महिन्यानं सगळे सण पुढं ढकलले. दिवाळीची पहिली अंघोळ करताना दात वाजत होते. मिरचीला मात्र भाव आहे.

कार्तिक शुद्ध ७, बुधवार

चाकूरला अय्यांकडं जाऊन आले. अय्या म्हणजे गुरुपादय्या, आमच्या घराचे जंगम. आम्हा लिंगायतांत आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाला लिंग देतात. बाळ जन्माला येतं तेच लिंगाचं होऊन. अय्या गेले तीन पिढ्या आमच्या घरी हे करतात. पण आता पोर लंकेत.

मी म्हटलं, "अय्या, तुम्ही चला."

"मला चाकूरच्या एष्टेशनापर्यंत जाता येईना, पार्वतम्मा, अन् तू लंकेला नेती!"

"मग कसं करायचं?"

"मी मंत्र देऊन लिंग देतो. तू न्यायचं. तुझ्या अंगावर राहील. बाळाजवळ पोचेस्तोवर भुईला लावायचं न्हाई."

"अन् बोटीत?"

"बोटीत भी न्हाई."

"झोपले तर?"

"झोपलीस तर तुझं लिंग काढून ठेवतीस का?"

"न्हाई."

"मग झालं तर. खामखा डोकं खाती."

अय्या आता ऐंशीला टेकलेत, पण बोलणं तसंच. त्यांनी बाळाचं लिंग दिलं. सुपारीएवढं, वर काळ्या कांतीचा लेप दिलेलं. मी माझ्या लिंगाशेजारी वस्त्रात बांधून गळ्यात घातलं. येताना मोटारीत सारखा हात छातीवर. शेजारच्या बाईला वाटलं मला कळ येते. तिनं ओवा दिला.

अय्यांच्या कारभारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आठव्यात जप. सातव्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही. माझी सासू भी हेच सांगायची. तिनं स्वतःचे दोन पुरले होते, त्यामुळं तिच्या तोंडून ते खोटं वाटायचं नाही.

वाटेला किती भाकरी बांधायच्या ते कुणालाच सांगता येईना. दोन दिवसांची वाट असली की मला कळतं. पाच दिवसांची असली तरी कळतं. लंकेचं नाही कळत.

कार्तिक शुद्ध १२, मंगळवार

जावयाची तार आली. मामींना, म्हणजे मला, विमानानं पाठवा, हैदराबादेहून शनिवारची जागा धरली आहे.

विमान! मला पहिल्यांदा खरंच वाटेना. मग राग आला. ही मिजास कुणासाठी? चार डाळीची पोती विकली की माणसाला आकाश ठेंगणं वाटायला लागतं. बोटीनं जाणारे काय मरतात? मी मालकांना म्हटलं, कळवून टाका, येत नाही विमानानं. तुळशीचं लग्न कालच झालंय, मी रेल्वेनं निघते, पोचेन सावकाश.

मी आणखी बोलले. मग मालक उठले आणि म्हणाले, "जायचं. शनिवारी जायचं." एवढ्या मोठ्यानं की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी असा आवाज काढला नव्हता.

मग आम्ही दोघं टपालात गेलो. पोस्टमास्तर उर्दू शिकलेला, पण माणूस आपल्याकडचाच. मी पदर सारखा केला आणि विचारलं, "हैदराबादेहून ते कोलंबो, किती लांब हाय?"

"साडेसातशे मैलाच्या आसपास."

"कोसात सांगा."

"पावणेचारशे धरा."

"अन् किती वेळ लागतो?"

"रेल्वे-बोटीनं म्हणता? चार-पाच दिवस, बोट मिळाली तर. विमानानं हवेत पाच तास. मधे मद्रासला रात्रीचा मुक्काम."

"पाच तास?"

"पाच तास."

"मास्तर, पाच तासांत आमची बैलगाडी रेणापूरला पोचती. ती भी बैल चांगले असले तर."

मास्तर हसला. मालक हसले नाहीत. मी तिथंच बाकावर बसले. पावणेचारशे कोस. माझा आजा पायी श्रीशैलाला गेला होता, तो महिन्यानं पोचला आणि आल्यावर गाव त्याच्या पाया पडलं होतं. इथं मी सकाळी उठायचं, आणि दोन वेळा आकाशात बसायचं, आणि लंका! देवाच्या घरात माणसानं शिरावं तसं काहीतरी वाटलं. रागही होता, पण रागाच्या खाली ते होतं.

घरी आल्यावर मालक जेवले नाहीत. आज दुपारी मिरचीची आडत बंद ठेवली. मंगळवारी! गंजात, बाजारात, सगळे विचारत असतील. डोळे लाल होते. मी म्हटलं, पोतं फोडलं असेल, तिखट गेलंय, धुऊन या. धुऊन आले, तरी तसेच. यांना लंकेचं भ्या वाटतंय. जायचंय मला, आणि भ्या यांना.

पाच तासांना किती भाकरी बांधायच्या? एक भी जड होईल. पण मी पाच बांधणार. विमान मधेच बंद पडलं तर खायचं काय, ढग?

कार्तिक शुद्ध १४, गुरुवार. हैदराबाद

लातूरहून मोटार, मग लातूर रोडहून गाडी. गाडी कुठं थांबली, का थांबली, कुणी सांगेना. दोन ठिकाणी पोलिसांनी सामान उघडलं. एकानं भाकरी उलटीपालटी करून पाहिल्या, जसं काही आत बंदूक भाजली आहे. मी म्हटलं, "घे, खा एक." त्यानं खरंच घेतली. चार उरल्या.

पूर्ण एक दिवस आणि एक रात्र गेली लातूरहून इथं यायला. आता मला सांगा, लांब काय आहे? हैदराबाद की लंका?

धाकटा भाऊ संगप्पा बेगम बाजारात कापडाच्या दुकानात आहे. त्याच्याकडं उतरले. तो म्हणाला, "अक्का, विमानात कुणाशी भांडू नको. तिथं उतरवून देता येत न्हाई."

"मी कधी भांडले?"

त्याची बायको शिवम्मा आत जाऊन हसत होती. ऐकू आलं मला.

परवा निघायचं. मालकांनी निघताना मला काही सांगितलं नाही, फक्त मोटार सुटल्यावर तिच्यामागं गंजाच्या कोपऱ्यापर्यंत चालत आले. पळत नाही, चालत. मोटार त्या वेळी हळू होती. मी हात केला तर त्यांनी केला नाही, उभे राहिले.

कार्तिक वद्य १, शनिवार. मद्रास

सगळं लिहून ठेवायचं म्हणून आधी सकाळचं लिहिते. नंतरचं नंतर.

बेगमपेठेच्या विमानतळावर पहिल्यांदा त्यांनी माझं सामान तोललं. मग म्हणाले, काट्यावर तुम्ही भी चढा. जन्मभर मी पोती तोलताना पाहिली, आज मलाच तोललं. पोत्यांना लाज वाटत असेल का असं आज पहिल्यांदा मनात आलं.

विमान रुपेरी आहे, शेपटीवर टेकून बसलेलं, नाक वर. आत शिरायचं म्हणजे चढणीवर चढायचं. शेजारी एक मुसलमान म्हातारी, बुरखा वर केलेला, नातवाकडं मद्रासला निघालेली. तिनं माझा हात पाहिला. मी खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता.

"पैली बार बैठ रै?"

"हाव."

"डरो नको. मैं पैली बार बैठी तो उल्ट्यां कर कर के अल्ला को प्यारी होने वाली थी. कान में रुई ठूंसो. ये गोली चूसो."

विमानातल्या एका पोरीनं खरंच सगळ्यांना कापूस आणि गोळ्या वाटल्या. मी गोळी घेतली नाही. पूजेशिवाय मी तोंडात काही घालत नाही, आणि सकाळी घाईत पूजा धड झाली नव्हती. म्हातारीनं माझी गोळी स्वतःच्या बटव्यात टाकली.

मग ते धावलं. आणि मग धावायचं थांबलं, पण थांबलं नाही. म्हणजे चाकं थांबली आणि आपण वर. मला कसं लिहावं कळत नाही. पोटातलं खाली राहिलं आणि मी वर गेले. खिडकीतून पाहिलं तर घरं, झाडं, बैल, सगळं वाकळेच्या ठिगळासारखं. ज्या माणसांना आपण घाबरतो, ज्या तहसिलीपुढं उभं राहताना पाय कापतात, ते सगळं वाकळेतल्या उवेएवढं. आमच्याच विमानाची सावली खाली शेतांवरून धावत होती, कावळ्याएवढी. तिला नदी आडवी आली तर तिनं पाय सुद्धा भिजवले नाहीत. कृष्णा, म्हणाली म्हातारी. कृष्णेला मी आतापर्यंत हात जोडायची. आज तिच्यावरून उडाले, आणि हात जोडायला धजलेच नाही, वरून कसे जोडायचे?

मग ढग. जन्मभर ढगाचं पोट पाहिलं. आज पाठ पाहिली. पिंजलेल्या कापसाचा डोंगर, आणि वर ऊन. पाऊस खाली पडतो तेव्हा वर ऊन असतं, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक आहे?

दोन तासांनी मद्रास. म्हातारी उतरताना म्हणाली, "बेटी के पास जा रै ना? जल्दी पहुंचो." मी तिला काही सांगितलं नव्हतं. पोटुशी लेक असलेली बाई दुसऱ्या बाईला कळत असेल.

आता नंतरचं.

जावयाचा मालक, तो चेट्टी, घ्यायला आला होता. तो जाडा, कपाळभर भस्म, तोडकं हिंदुस्थानी बोलतो. घरी नेऊन त्याच्या बायकोनं पाट मांडला आणि मग तो म्हणाला, "बेटी आस्पत्री में है, अम्मा. चार दिन से. फिट आता."

फिट म्हणजे काय ते त्यानं हात आणि मान वाकडे करून दाखवलं. त्याच्या बायकोनं त्याचा हात खाली ओढला.

चार दिवसांपासून. म्हणजे तार आली तेव्हा. म्हणजे ती मिजास नव्हती.

आठवा महिना.

मी विचारलं, विमान आत्ता का नाही जात? तो म्हणाला, उद्या सकाळी. मी म्हटलं, काल पौर्णिमा झाली, वर एवढा चंद्र आहे, उडायला काय धाड भरली आहे? त्याला मराठी कळलं नाही. बरं झालं. पाच तास म्हणे. परवापर्यंत पाच तास ऐकून मी थक्क होत होते. आज ते पाच तास बैलगाडीसारखे वाटतात.

पाटावरून न जेवता उठले. बाकीच्या भाकरी चेट्टीच्या दारातल्या गाईला घातल्या.

कार्तिक वद्य २, रविवार. विमानात

अक्षर हलतंय. खाली समुद्र आहे.

समुद्र मी कधी पाहिलेला नव्हता. लोक सांगतात पाणीच पाणी. तसं नाही. पाणी असतं तेव्हा त्याला काठ असतो. हे काठ नसलेलं आहे. मघाशी उजवीकडं वाळूची कडा दिसत होती, आता ती भी नाही. वर निळं, खाली निळं, मधे आम्ही काही माणसं आणि तो घुर्रर्र आवाज. यावर रामानं पूल बांधला असेल तर बांधला असेल. मला तर एक दगड टाकायची हिंमत झाली नसती.

माझ्या पलीकडं एक साहेब आहे. मी पूजा केली तेव्हा डोळे मोठे करून बघत होता. करू दे. लिंग वस्त्रातून काढून डाव्या तळहातावर घेतलं, गडूतलं दोन थेंब पाणी, भस्म, डोळे मिटले. अय्या म्हणाले होते भुईला लावायचं नाही. इथं भुईच नाही. मैलभर खाली भी नाही. तळहात आहे, एवढंच. मला वाटलं होतं इतक्या वर देव जवळ असेल. जवळ नव्हता, लांबही नव्हता. लातूरला ज्या हातावर असतो त्याच हातावर होता. किती वेळ तशीच बसले कोण जाणे. विमानातल्या पोरीनं येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं गालावरून पाणी चाललंय.

जावयापुढं काय तोंडानं उभी राहू? तारेवरून त्याला शिव्या दिल्या. आणि हाती काही नाही. साधं धोंड्याचं वाण भी दिलेलं नाही यंदा, अनारसे भी नाहीत. तो इथं असता तर श्रावणात बोलावून

धोंडा.

चैत्र, वैशाख, जेष्ठ, आषाढ, धोंडा. मग श्रावण. मग भादवा. मग आश्विन. आठ. आठ भरले!

परत धरलं. दुसऱ्या हाताच्या पेरांवर धरलं. नववा चालू आहे. नववा! मी तो महिना धरलाच नव्हता. त्यात लग्न नाही, मुंज नाही, काही शुभ नाही, म्हणून माझ्या डोक्यानं तो महिना गाळूनच टाकला. पण पोटातल्या लेकराला कुठं माहीत आपलं पंचांग? ते आपलं वाढत होतं.

मी ओरडले वाटतं. साहेबाचा चहा सांडला. मी त्याला नऊ बोटं दाखवली. त्यानं मान हलवली. काय समजला त्याचं त्याला ठाऊक.

नवव्यातलं लेकरू जगतं. शांताचं मला माहीत नाही. लेकराचं मला आता माहीत आहे.

कार्तिक वद्य २, रविवार, संध्याकाळ. कोलंबो

पोचले.

उतरल्यावर एका मेजापाशी एका काळ्यासावळ्या अंमलदारानं विचारलं, गळ्यात काय आहे. बोटानं दाखवलं, काढून मेजावर ठेव. मी म्हटलं, "न्हाई ठेवणार." त्यानं परत मेजावर थाप मारली. मी वस्त्र सोडलं आणि दोन्ही लिंगं तळहातावर धरून त्याच्या नाकापुढं नेली. बघ, काय बघायचं ते. त्यानं पाहिलं, मग त्याचा चेहराच बदलला. तो भी शिवाचाच निघाला. त्यानं माझ्या तळहातावरचं भस्म बोटाला घेऊन स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि मागची माणसं थांबवून मला पुढं सोडलं. निजामाचं राज्य, नवं हिंदुस्थान आणि ही लंका, तीन सरकारं मी दोन दिवसांत ओलांडली, त्यातलं हे एकच सरकार माझ्याशी शहाण्यासारखं वागलं.

बाहेर जावईबापू. मी त्यांना ओळखलं नाही. दाढी वाढलेली, सदरा दोन दिवसांचा. माझ्या पाया पडले आणि उठलेच नाहीत.

"उठा," मी म्हटलं. "सांगा."

"पोरगी झाली, मामी. काल दुपारी."

"अन् शांता?"

"झटके थांबलेत. पण डोळं उघडत न्हाई."

काल दुपारी मी चेट्टीच्या घरी पाटावर बसले होते.

मोटारीत ते सारखं म्हणत होते, "मी धाडायला पायजे होतं, तुमच्याकडं धाडायला पायजे होतं, माहेरी." मी म्हटलं, "गप बसा. लातुरात कुठला एवढा मोठा डाक्तर? अन् वाटेत गाडी थांबली असती तर रुळावर बाळंतपण करायचं होतं का?" हे मी बोलले. मीच. बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले.

पोरगी मापट्यात मावेल एवढी. लाल, सुरकुतलेली, पण मूठ घट्ट. माझं बोट धरलं ते सोडेना. मी लिंगाची दोरी तिच्या गळ्यात घालायला गेले, तर नर्स धावत आली, न्हाई न्हाई करत. दोघी आपापल्या भाषेत भांडलो. मग तिनं स्वतःच पाळण्याची उशाकडची दांडी दाखवली. ठीक. तिथं बांधलं. अय्यांना सांगावं की नको? चालेल, सांगीन.

मग शांतापाशी गेले. तोंड सुजून ओळखू येत नाही. ओठ चावलेले. मी तिची आई, मला ती ओळखू आली नाही. हातावरून ओळखली. डाव्या हातावर पुरण शिजवताना भाजलेला डाग आहे.

कार्तिक वद्य ४, मंगळवार

बसले आहे.

डाक्तर रोज सकाळी येतो, डोळ्याची पापणी वर करून बघतो, इंग्रजीत बोलतो. जावई म्हणतात, थांबा म्हणतोय.

साडेसातशे मैल मी पाच तासांत आले. या स्टुलापासून तिच्या कानापर्यंत एक हात आहे, तेवढं ओलांडता येत नाही.

मालकांना तार केली, पोचले, नात झाली. शांताचं काही लिहिलं नाही. विमानाची तार आली तेव्हाच ते सगळं समजून बसलेत, आता मला कळतंय. आडत बंद ठेवली होती त्या दिवशी.

कार्तिक वद्य ५, बुधवार

सकाळी जावई चहा आणायला गेले होते. मी शांताचे केस विंचरत होते. जटा झाल्या होत्या. एक गाठ सुटेना, तर माझं टाळकं सटकलं. कशानं कोण जाणे. गाठीनं, नाही तर सगळ्यानंच. मी बोलायला लागले, जशी घरी बोलते तशी, मोठ्यानं.

"उठ की गं आता! किती झोपायचं? लेकरू भुकेलंय, परकी बाई पाजती त्येला. केसांची ही काय दशा करून घेतली? तेल लावलं होतंस का कधी? मी न्हाई तर तुला कुणी सांगणारं न्हाई, अशीच पडून राहा, आळशी भवानी!"

पलीकडच्या खाटेवरच्या बायका बघायला लागल्या. नर्स आली.

शांताचे डोळे मिटलेलेच होते. पण ओठ हलले. मी कान नेला.

"अव्वा," ती म्हणाली, "ओरडू नको ना. दूध बघ चुलीवरचं. उतू चाललंय."

लातूरच्या घरात होती ती. मला सांगायचं होतं, बाई गं, हे लातूर न्हाई, हे कोलंबो हाय, पावणेचारशे कोसांवर, मी विमानानं आले, तुला लेक झाली. सगळं तोंडात आलं होतं.

तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं. काळजीनं पाहत होती, दुधाच्या.

"उतरवलं गं," मी म्हटलं. "उतरवलं मी खाली. झोप तू."